शेवट ठाऊक असूनही

राजा तिसरा जॉर्ज आजारी पडला आणि १८११ ते १८२० इंग्लंडचा कारभार युवराजाने पाहिला. या जेमतेम नऊ वर्षांच्या ‘रीजन्सी’ काळावरच्या प्रेमकादंबऱ्या आजही आवडीने वाचल्या जातात. जेन ऑस्टिनसाठी तो वर्तमानकाळ होता. जॉर्जेट हेयरने १९३५च्या ‘रीजन्सी बक’ या कादंबरीपासून तो पुन्हा उभा केला. ऑलमॅक्स क्लबातल्या नृत्यसभा, घोडागाड्यांचे प्रकार, तेव्हाची बोली हे सारं तिने वह्यांमध्ये टिपून ठेवलं होतं.

शेवट गोड होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. मग पुन्हा का वाचायचं? त्या खुसखुशीत संवादांसाठी. शिवाय रीतिरिवाज इतके कडक, की एकाच जोडीदाराबरोबर दोनपेक्षा जास्त वेळा नाचलं तरी गावभर चर्चा! लग्नानंतर बाईची बरीचशी मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जाई, त्यामुळे हसतखेळत चाललेल्या वरसंशोधनात तिचं अवघं आयुष्य पणाला लागलेलं असे.

पण या कादंबऱ्यांवरचं प्रेम आंधळं असू नये. हेयरच्या ‘द ग्रँड सोफी’तलं ज्यू सावकाराचं चित्रण आज खटकतं, आणि ते खटकायलाच हवं. या अंकातले लेख दोन्ही बाजू मांडतात. तुमची आवडती नायिका कोण, जरूर कळवा.

– संपादक