मासळीच्या वर्गात मासळीच नाही

मत्स्यविज्ञानाच्या पदवीला जीवरसायनशास्त्र शिकवायचं असेल तर ते माशावरून शिकवा, माणसाच्या आजारांवरून नको. माझं म्हणणं एवढंच आहे. इतकी साधी गोष्ट सांगायला लेख लिहावा लागतो, दुखणं तिथेच आहे.

उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईने बायोकेमिस्ट्रीत नाक का खुपसावं, असं कोणीतरी विचारणारच. तर ऐका. माझ्याकडे दहावीपर्यंत शिकलेली काही मुलं बारावी विज्ञान करून चार वर्षांच्या बीएफएस्सीला जातात. त्यांत दालदी घरांतली आहेत, खारव्यांची आणि भंडाऱ्यांचीही आहेत. पहिल्या वर्षी अडली की वह्या घेऊन माझ्याकडे येतात. अडचण इंग्रजीची आहे असं त्यांना वाटतं. मी शब्द सोडवून देते, पण वही वाचली की कळतं, दुखणं नुसतं इंग्रजीचं नाही. वहीत ग्लायकोलिसिस आहे, क्रेब्ज सायकल आहे, मधुमेह आहे, कावीळ आहे, गाऊट आहे. मासा कुठेच नाही. डॉक्टर होणाऱ्यांच्या पुस्तकात पाणी वाढवून तेच कालवण मासळीच्या मुलांना वाढलंय.

एक उदाहरण घ्या. हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी 1932 साली युरियाचं चक्र मांडलं. मुलं ते पाठ करतात. युरिया म्हणजे शरीराने बाहेर टाकायची घाण, एवढं लिहून मार्क मिळवतात. आता मुशीकडे बघा. मुशी हाच युरिया अंगात साठवून ठेवते, कारण त्याच्याच जोरावर तिचं रक्त समुद्राच्या खारेपणाशी तोल सांभाळतं. ती मेली की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात आणि नाकाला झोंबणारा वास सुटतो. मुशीचं कालवण करणाऱ्या प्रत्येक घराला तो वास माहीत आहे. उलट बहुतेक हाडांचे मासे युरियाच्या भानगडीत फारसे पडत नाहीत. कल्ल्यांतून सरळ अमोनियाच बाहेर टाकतात. म्हणून तळ्यात दाटीने मासे सोडले की पाणी विषारी होतं. उद्या तळं सांभाळणाऱ्या मुलाला यातलं काय उपयोगी पडेल, माणसाचं यकृत की माशाचे कल्ले?

बांगडा घ्या. त्याच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर मोकळं असतं. मासा उन्हात राहिला की जिवाणूंची विकरं त्याचं हिस्टामिन करतात. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं धरतं. आपण म्हणतो, मासळी बाधली. एकदा तयार झालेलं हिस्टामिन उकळून जात नाही, तळून जात नाही, गोठवूनही जात नाही. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात त्याची सुरक्षिततेची मर्यादा किलोला 200 मिलिग्रॅम आहे आणि परदेशात जाणारा माल या तपासणीत अडकू शकतो. म्हणजे बर्फ कधी घातला, हा प्रश्न जीवरसायनशास्त्राचा आहे, आणि तो होडीवर सुटतो, प्रयोगशाळेत नाही. कोळंबीचं डोकं काळं पडतं तेव्हा लोक ती सडली म्हणतात. तो रंग आणणारं विकर मात्र कोळंबीचं स्वतःचंच असतं. विकर म्हणजे काय ते शिकवायला याहून सोपा धडा कुठे मिळेल?

आणि एटीपी. ऊर्जेचं चलन, असं वहीत लिहिलेलं असतं. मासा मेल्यावर त्या चलनाचं काय होतं, ते नसतं. ते पायरीपायरीने मोडतं. मध्ये आयएमपी तयार होतं, तोवर चव रुचकर. पुढे हायपोझँथिन साचतं आणि मासा कडवट लागायला लागतो. जपानच्या शिंतारो कोदामांनी 1913 मध्ये सुकवलेल्या बोनिटोच्या चवीमागे हेच आयनोसिनिक आम्ल असल्याचं दाखवलं. 1959 मध्ये तिथल्याच शास्त्रज्ञांनी या मोडतोडीवरून ताजेपणा मोजायचं गणित बसवलं, त्याला के-व्हॅल्यू म्हणतात. त्यांनी ताटातल्या मासळीला प्रश्न विचारला आणि शास्त्र पुढे नेलं. फ्रीडरिश मीशरने तर 1874 मध्ये ऱ्हाइन नदीतल्या साल्मनच्या शुक्रपेशींतून प्रोटामाइन वेगळं केलं. शास्त्र स्वतः माशाकडून शिकलंय आणि आम्ही माशाच्या मुलांना ते माशावाचून शिकवतोय.

बीएड करताना पहिल्याच महिन्यात आम्हाला घोकून घेतलं होतं: ज्ञाताकडून अज्ञाताकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे. पाठाच्या टाचणात ‘पूर्वज्ञान’ हा रकाना कोरा राहिला तर वही परत मिळायची. पाचवीच्या वर्गावर उभं राहायला ही अट. पदवीच्या वर्गावर उभं राहणाऱ्याला नेट लागते, पीएचडी लागते, पण समोरच्या मुलाला आधीपासून काय येतं हे विचारायची सक्ती नाही. त्या मुलाची आई मिरकरवाड्याच्या बंदरावर कल्ला उघडून रंग बघते, बोटाने दाबून खड्डा भरतो का बघते, डोळा बघते, वास घेते आणि भाव ठरवते. त्याला हे सगळं येतं. वर्गात त्याची किंमत शून्य. एटीपी संपल्यावर स्नायूतली प्रथिनं एकमेकांत अडकून मासा ताठ होतो, आणि जाळ्यात फार धडपडलेला मासा लवकर ताठरतो, हे समजायला त्याला दोन मिनिटं पुरतील. कारण ताठ मासा त्याने हातात धरलाय. क्रेब्ज सायकलची आठ नावं मात्र तो तीन रात्री घोकतो आणि पेपरात विसरतो. मग आपण म्हणतो, ही मुलं कच्ची.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, पाया आधी पक्का हवा, उपयोग नंतर. मान्य, पाया हवाच. पण ग्लायकोलिसिस बांगड्याच्या स्नायूतही तेच असतं. मेलेल्या माशाच्या स्नायूत ग्लायकोजेनचं लॅक्टिक आम्ल होतं, ते मोजा आणि त्यावरून पाया घाला. मधुमेहाच्या रुग्णावरूनच घातलेला पाया पक्का, असं कोणी सांगितलं? दुसरा आक्षेप, परीक्षा इंग्रजीत आहे आणि इतर राज्यांतली मुलंही वर्गात असतात. असू देत. नावं इंग्रजीच राहू देत. हिस्टामिनला मराठी शब्द शोधत बसायची मला हौस नाही. व्याख्यान इंग्रजीत झालं तरी ट्रेमधला बांगडा केरळच्या मुलालाही कळतो. ज्याला मराठीत किंवा उर्दूत विचारायचंय त्याला विचारू द्या, एवढं तरी करा. उच्च विज्ञान आपल्या भाषांत होत नाही, हे मला कोणी सांगू नये. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये उर्दू माध्यमाचं म्हणूनच उभं राहिलं, आणि पुस्तकं उर्दूत आणायला दारुत्तर्जुमा होतं.

आता थोडं आपल्या लोकांशी. आपण व्यासपीठावर जाबिर इब्न हय्यानचं नाव घेतो, केमिस्ट्री हा शब्द अल-कीमियावरून आला म्हणून छाती फुगवतो. दहावीच्या मुलांना शाली देतो, ट्रॉफ्या देतो. त्यातलाच एक पोरगा दोन वर्षांनी बीएफएस्सीला जातो, बायोकेमिस्ट्रीत अडकतो आणि गुपचूप परत होडीवर किंवा आखातात जातो. त्याची चौकशी किती अंजुमनांनी केली? होडी वाईट नाही, आखातही नाही. पण शिकायला गेलेला मुलगा शिकवणाऱ्यांच्या आळसामुळे परत येतो आणि आपण त्याला नशीब म्हणतो, याचा मला राग येतो.

मागण्या छोट्या आहेत. पहिलं प्रात्यक्षिक बंदरावर घ्या. एक बांगडा बर्फात, एक सावलीत, एक उन्हात ठेवा आणि दर तासाला पीएच आणि वास नोंदवा. मासळी विकणाऱ्या एखाद्या बाईला वर्गात बोलवा, मानधन देऊन, हार घालून नव्हे. ‘क्रेब्ज सायकल लिहा’ऐवजी ‘हा मासा का बाधला ते सांगा’ असं पेपरात विचारा. आणि आम्ही भाषेचे शिक्षक, आम्ही मराठी-उर्दू शब्दांची एक वही करून देऊ, फुकट.

सालाबादप्रमाणे पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हातात माणसाच्या काविळीवरच्या नोट्स पडतील, तेव्हा निदान त्यांच्या पालकांनी प्राचार्यांना एक प्रश्न विचारावा: साहेब, यात आमची मासळी कुठे आहे?