कालव्यावरील पहारा आणि श्रमाचे मोल

तंजावरच्या भातशेतीची मदार कावेरीच्या कालव्यांवर आहे. मेट्टूर धरणाचे दरवाजे १२ जून रोजी उघडण्याचा प्रघात आहे. कुरुवै हंगामाची लावणी त्या पाण्यावर अवलंबून असते. परंतु सुटलेले पाणी प्रत्येक शेतात पोहोचतेच असे नाही. वाटेत जलपर्णी माजलेली असते. तमिळमध्ये तिला ‘आगायत्तामरै’, म्हणजे आकाशकमळ, असे देखणे नाव आहे. करणी मात्र उलटी. कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांना पाणी मिळते, टोकाचा अल्पभूधारक कोरडा राहतो आणि त्याच्या शेतावरील मजुराचा रोज बुडतो. म्हणूनच परक्या वनस्पतींचा प्रश्न हा केवळ वनस्पतिशास्त्राचा प्रश्न नव्हे.

अनुकूल परिस्थितीत जलपर्णी सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. वेडी बाभूळ तोडली तरी बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात आणि गुरांनी खाल्लेल्या शेंगांतील बी शेणावाटे नव्या जमिनीत रुजते. तेव्हा वर्षातून एकदा यंत्र लावले, कंत्राटदाराचे बिल चुकते केले, की काम संपले, ही समजूत निराधार आहे. खरी गरज सततच्या पाळतीची आहे.

गाजरगवताची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९५६ साली पुण्यात त्याची शास्त्रीय नोंद झाली. पण केवळ नोंदीने त्याचा प्रसार थांबला नाही. आज ते देशभर पसरलेले आहे. शास्त्रज्ञाच्या नोंदीला शेतात रोज वावरणाऱ्यांच्या डोळ्यांची जोड मिळाली पाहिजे, हा त्यातील धडा आहे.

तंजावरमध्ये हे डोळे आहेत. लावणीला बांधावरून जाणाऱ्या मजूर स्त्रियांना कोणती चारी तुंबली, हे अधिकाऱ्यांच्या आधी कळते. त्यांच्यातून स्वयंसेवकांचे गट उभे राहावेत, दर पंधरवड्याची नोंद पंचायतीच्या वहीत व्हावी आणि ती गावासमोर वाचली जावी.

परंतु येथे सावध राहणे अगत्याचे आहे. गावाने मिळून तळी-कालवे राखण्याच्या ‘कुडिमरामत’ या जुन्या प्रथेला वसाहती राजवटीने १८५८ च्या कायद्याने सक्तीच्या श्रमाचे रूप दिले. स्वयंसेवेच्या नावाखाली तोच बोजा पुन्हा कष्टकऱ्यांवर पडता कामा नये. याच जुन्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे, मजुरीच्या लढ्यात, २५ डिसेंबर १९६८ रोजी ४४ दलितांना जाळून मारण्यात आले. त्या भूमीत श्रम फुकट मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये आक्रमक वनस्पतींविषयी धोरण जाहीर केले. धोरणाची कसोटी कालव्याच्या टोकाला लागते. पाळत ठेवणे हा जनतेचा हक्क आहे; उपटून काढणे हे शासनाचे काम आहे आणि ते पूर्ण मजुरी देऊनच झाले पाहिजे. वेड्या बाभळीच्या सरपणावर ज्यांची चूल पेटते, त्यांना पर्यायी जळण देणे हाही त्याच कामाचा भाग आहे. वही आणि हजेरीपट या दोन्हींवर शेतमजूर संघटनांची नजर असेल, तरच टोकाच्या शेतात पाणी पोहोचेल.