भीतीच्या संगीतानं धीर येतो तेव्हा

गेल्या शनिवारी आमच्याकडे चार मराठी कुटुंबं जेवायला होती. जेवणं आटोपल्यावर मुलानं ‘चेर्नोबिल’ मालिकेचं पार्श्वसंगीत लावलं. दोन मिनिटांत एक मित्र वैतागला. "अरे, हे काय संगीत आहे? बिघडलेल्या फ्रीजसारखं नुसतं घुमतंय! काहीतरी चांगलं लाव." सगळे हसले, मीही हसलो. पण हे संगीत मला का जवळचं वाटतं, ते सांगायचं राहूनच गेलं.

मी राहतो इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत. डेलिया डर्बिशायर इथल्याच, जन्म 1937चा. नोव्हेंबर 1940मध्ये जर्मन विमानांनी हे शहर बेचिराख केलं, तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. हल्ल्याची सूचना देणारा भोंगा आणि धोका टळल्याचा भोंगा, या आवाजांतूनच आपल्याला इलेक्ट्रॉनिक संगीताची ओढ लागली, असं त्या पुढे सांगत. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये असताना, 1963मध्ये, त्यांनी ‘डॉक्टर हू’चं शीर्षकसंगीत घडवलं. चाल रॉन ग्रेनर यांची. पण तेव्हा सिंथेसायझर हाताशी नव्हता, म्हणून एकेक स्वर टेपवर घ्यायचा, टेप कापायची, जोडायची, असं ते काम. पुढे 1973मध्ये ब्रायन हॉजसन यांच्यासोबत त्यांनी ‘द लीजंड ऑफ हेल हाउस’ या भयपटाला इलेक्ट्रॉनिक संगीत दिलं. तेव्हा ‘यंत्राच्या आवाजात भावना कुठली?’ असं कुणी विचारलं, की मला भोंगा ऐकणारी ती तीन वर्षांची पोर आठवते.

खरं तर अखंड घुमणारा आवाज आपल्याला परका नाही. आपण तानपुरा ऐकत वाढलेली माणसं. पण तानपुरा षड्ज देतो. गायक कितीही लांब फिरून आला, तरी घर कुठे आहे ते कळत राहतं. या संगीतात आवाज तसाच घुमतो, पण घर सापडत नाही. सतार वाजली की डोळ्यांपुढे सतार येते. इथे आवाज कशातून निघतोय तेच कळत नाही. रात्री स्वयंपाकघरात काही खुट्ट झालं की आपण श्वास रोखून ऐकतो ना, तसा कान शोधत राहतो.

‘चेर्नोबिल’चं संगीत आइसलँडच्या हिल्दुर गुडनादोत्तिर यांचं, 2019चं. त्यासाठी त्या लिथुआनियातल्या बंद पडलेल्या अणुवीज केंद्रात गेल्या. तिथल्या दारांचे, यंत्रांचे, रिकाम्या दालनांचे आवाज त्यांनी टिपले आणि त्यांतूनच संगीत रचलं. किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही नाही. या संगीतात मात्र तो सतत जवळपास आहे असं वाटत राहतं.

2020मध्ये विमानं बंद असताना पुण्यात माझी आई आयसीयूत होती. दिसत नसलेल्याच एका गोष्टीनं तिला गाठलं होतं. ओळखीच्यांनी मायेनं बासरीच्या धून पाठवल्या, भजनं पाठवली. मला ती ऐकवेनात. ‘सगळं ठीक होईल’ असं सुचवणारा प्रत्येक सूर खोटा वाटायचा. रात्री दोन वाजता, फोनकडे बघत, मी हे ‘बिघडलेल्या फ्रीज’चं संगीत ऐकायचो. ते कसलंच आश्वासन देत नव्हतं. पोटात जो गोळा होता, तोच जणू बाहेर, खोलीत वाजत होता. आणि मुख्य म्हणजे, तासाभराच्या आत ते संपायचं. भीतीलाही शेवट असतो, एवढं त्यातून कळायचं आणि मग थोडी झोप लागायची.

आई त्यातून उठली नाही. पण त्या रात्री मी ज्याच्या सोबतीनं काढल्या, त्याला मी ‘आवाज’ म्हणणार नाही, संगीतच म्हणेन.

आपल्याकडे संगीतानं मन प्रसन्न करावं अशी अपेक्षा असते. करावंच. पण घाबरलेल्या माणसाला प्रत्येक वेळी हसवायचं नसतं. कधी कधी त्याच्याशेजारी नुसतं बसायचं असतं. हे संगीत तसं बसतं. ज्याला सोसत नाही त्यानं ऐकू नये. पण तरुण मुलं हेडफोन लावून ते ऐकताना दिसली, तर ‘हे काय भलतंसलतं’ म्हणण्याआधी एकदा त्यांच्याजवळ बसून ऐकावं.

पाहुणे असताना हे लावू नकोस, एवढं मात्र मी मुलाला सांगितलंय.