नेम माझा, वेठ कोणाची?

गेल्या श्रावणात आमच्या घराने एक नेम धरला. श्रावण निवडला तो पुण्यसंचयासाठी नव्हे. या महिन्यात आजूबाजूची घरे काही ना काही सोडतच असतात, तेव्हा मुलांना आपले सोडणे जगावेगळे वाटणार नाही, एवढाच त्यात हिशेब होता. नेम असा : महिनाभर कारखान्यातून पुड्यात बंद होऊन येणारे खाद्य घरात आणायचे नाही, मैदा नाही, साखर नाही, गूळही बेताने. धान्य, कडधान्य, भाजी, फळ, दूध, अंडी यांतून घरात जे शिजेल तेच खायचे. घरात माणसे पाच. पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका, मी एका कचेरीत कारकून, सहा वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि गुडघ्यांनी त्रासलेली माझी आई. नेमाची घोषणा मी केली. हे वाक्य ध्यानात ठेवावे. पुढचे सारे त्यातून उद्भवले आहे.

ही कल्पना माझी नव्हे. अमेरिकेत उत्तर कॅरोलायना राज्यातील लीसा लीक या गृहिणीने २०१० साली पती व दोन लहान मुलींसह शंभर दिवस असेच खाण्याचा संकल्प केला. पाचांहून अधिक घटक असलेला पुडा घरात आणायचा नाही, हा त्यांचा एक नियम. हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असा आक्षेप येताच चौघांचा आठवड्याचा खर्च १२५ डॉलरांत बसवून त्यांनी पुन्हा शंभर दिवस काढले. त्याच सुमारास, २००९ साली, ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेइरो यांनी अन्नाची वर्गवारी त्यातील जीवनसत्त्वांवरून न करता त्यावर किती व कशासाठी प्रक्रिया झाली यावरून करावी, अशी मांडणी केली होती. ‘अतिप्रक्रियित अन्न’ ही संज्ञा तेथून रूढ झाली. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी वीस प्रौढांना दोन आठवडे एक व दोन आठवडे दुसरा, असे दोन्ही प्रकारचे अन्न हवे तितके खाऊ दिले. अतिप्रक्रियित अन्नाच्या दिवसांत माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खाऊ लागली. दोन्ही ताटांत साखर, मेद, मीठ व तंतू यांचे प्रमाण सारखेच ठेवलेले होते. म्हणजे दोष केवळ जिभेच्या लोभाचा नव्हता.

इतके वाचून मी नेमाला लागलो, आणि पहिल्याच आठवड्यात पुस्तकी ज्ञानाची परीक्षा झाली. दुपारी चार वाजता धाकट्याला बिस्किट हवे. त्याच्यापुढे राजगिऱ्याचा लाडू ठेवला, तो त्याने भिंतीवर फेकला. नाचणीच्या आंबिलीकडे त्याने औषधाकडे पाहावे तसे पाहिले. थोरलीच्या डब्यात घावन आणि चटणी. शेजारच्या मुलीच्या डब्यात पिवळ्याधमक नळ्या. ती घरी येऊन म्हणाली, “आपण गरीब झालो का?” आजीच्या उशीखाली चौथ्या दिवशी एक पुडा सापडला. “पोराचं तोंड कोमेजलं रे,” एवढेच तिने स्पष्टीकरण दिले. हे सारे अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते दहाव्या दिवशी घडले.

त्या रात्री पत्नीने शाळेच्या हजेरीपुस्तकासारख्या रेघा मारलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. धान्य निवडणे, कडधान्य भिजवणे व मोड आणणे, थालिपिठाच्या भाजणीसाठी प्रत्येक धान्य वेगळे भाजणे, नारळ खवणे, दोन डबे, चार वाजताचे खाणे, आणि मुलाने ते नाकारल्यावर दुसरे खाणे. प्रत्येकापुढे मिनिटे लिहिलेली. ती आता साडेपाचऐवजी साडेचारला उठत होती. खाली एकच ओळ होती : “नेम तुझा, वेठ माझी.”

वीस वर्षे मी स्त्रीमुक्तीच्या शिबिरांत सतरंज्या घातल्या, ठराव लिहिले, प्रसंगी भाषणेही केली. तो कागद हातात घेताना लाज वाटली नाही असे म्हणणे खोटे ठरेल. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्या बिनमोल कामात जातात आणि पुरुषाची ८८, असे नोंदले आहे. हे आकडे मी व्याख्यानात वापरलेले होते. ते माझ्या ओट्यावर घडत होते, इतकेच मला दिसले नव्हते. अधिक चांगले अन्न म्हणजे अधिक श्रम. आणि घरात श्रम वाढले की ते कोणाच्या वाट्याला जातात, हे ठरवायला घरोघरी बैठक भरत नाही. ते आधीच ठरलेले असते.

दुसरा धडा आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी दिला. त्यांचा चार वर्षांचा मुलगा पायरीवर बसून चहात बिस्किट बुडवून खात होता. नवा मुल्ला जास्त बांग देतो, तसा मी त्यांना सहज म्हणालो, “याला बिस्किटाऐवजी भाकरी देत जा.” त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, “भाकरी चांगली हे मला ठावं हाय, दादा. पण ती थापायला मी घरात असाया पाहिजे ना. पाचाला घर सोडते मी.” मी गप्प झालो. पाच रुपयांत अंडे येत नाही, केळे आले तर एखादे येते. पण बिस्किटांचा पुडा येतो. तो शिजवावा लागत नाही, नासत नाही, उष्टा होत नाही आणि रडते मूल तासभर गप्प ठेवतो. ज्या आईला पाळणाघर नाही, तिचे पाळणाघर तो पुडा आहे. कारखानदार तिला केवळ गोडवा विकत नाही. तिला नसलेला वेळ तो सुटा करून विकतो. म्हणूनच तिला आहारशास्त्र शिकवणे हा निव्वळ उद्धटपणा आहे.

यावर एक ठरलेले उत्तर असते : पूर्वीच्या बायका नाही का सारे घरीच करीत? हे उत्तर मी आईपुढे करून पाहिले. लग्नानंतर काही वर्षे ती पहाटे जात्यावर बसलेली आहे. ती म्हणाली, “गावात गिरणी आली तेव्हा जवळ पैसे असते तर मी पेढे वाटले असते.” जात्यावरच्या ओव्यांचे कौतुक करणाऱ्या आम्हा मंडळींनी हे वाक्य जपून ठेवावे. पूर्वीचे सकस अन्न सुनांच्या पाठीवर शिजत होते. तेथे परत जाण्याची माझी इच्छा नाही, आणि तसा सल्ला देण्याचा मला अधिकारही नाही.

परंतु आईच्या त्या वाक्यात मला या प्रश्नाचे उत्तरही सापडले. पिठाची गिरणी हीसुद्धा प्रक्रियाच आहे. तिने स्त्रीचे श्रम वाचवले आणि ज्वारीची ज्वारीच ठेवली. कोंडा काढला नाही, त्यात रंग घातला नाही, मुलांना भुलवायला डब्यावर चित्र छापले नाही. ती गल्लीत असते, चार घरांची मिळून असते, आणि दळण स्वस्तात होते. पुडाही श्रम वाचवतो. पण त्याची किंमत मुलाच्या शरीरातून वसूल करतो. तेव्हा भांडण यंत्राशी नाही, प्रक्रियेशीही नाही. दळण्याचे ओझे जसे घराबाहेर नेले, तसे मुलांच्या जेवणाचे ओझे अन्न न बिघडवता घराबाहेर कसे न्यावे, हा खरा प्रश्न आहे. आणि तो एका कुटुंबाच्या निग्रहाने सुटणारा नाही.

तो सुटू शकतो याचे दाखले आहेत. ब्राझीलने २००९ साली कायदा करून शालेय आहाराच्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम छोट्या कुटुंब-शेतकऱ्यांकडून खरेदीसाठी राखली. त्याच देशाच्या २०१४ च्या आहार-मार्गदर्शिकेत, स्वयंपाकाचे काम घरातील स्त्री-पुरुषांनी वाटून घ्यावे, असे सरकारी कागदावर लिहिलेले आहे. चिलीने २०१६ पासून अतिरिक्त साखर, मीठ व मेद असलेल्या पुड्यांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले आणि असे पदार्थ शाळांतून हद्दपार केले.

आपल्याकडे पाया नाही असे नाही. एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून आहे. प्राथमिक शाळेत शिजवलेले जेवण द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ चा आहे, आणि अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत, असा २००४ चा. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ साली गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. सामुदायिक स्वयंपाक ही आपल्या चळवळीला परकी गोष्ट नाही. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी देशभरात ११ टक्क्यांच्या आसपासच आढळली. आणि आपल्या राज्यात काय झाले? २०२३ च्या नोव्हेंबरात शासनाने शालेय आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी थांबवून, अंडे द्यायचे तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगितले. अंड्याइतके निर्भेळ, कोणी भेसळ करू न शकणारे अन्न दुसरे नाही. ते गरिबाच्या मुलाच्या ताटातून उचलले गेले, तेव्हा आपल्यापैकी किती जण तहसील कचेरीवर गेले?

आमच्या नेमाचे पुढे काय झाले ते सांगतो. तो मोडला नाही, वाटला गेला. सकाळची भाकरी आणि डबे माझ्याकडे आले. माझी पहिली भाकरी भारताच्या नकाशासारखी झाली व तव्यावर तिची फाळणी झाली. आता ती फुगते. कडधान्य भिजवण्याचे काम थोरलीचे. धाकटा थालिपिठाला बोटाने भोके पाडतो, आणि स्वतः भोके पाडलेले थालिपीठ तो बिनतक्रार खातो. एवढे साधे शास्त्र कोणत्याही ग्रंथात मला आढळले नव्हते. महिन्यात तीनदा नियम मोडला : एकदा वाढदिवसाला, एकदा प्रवासात, एकदा मुलगा तापाने फणफणला तेव्हा. त्याचे प्रायश्चित्त कोणी घेतले नाही. भांडीवाल्या बाईंचा मुलगा आता सकाळी आमच्या मुलांबरोबर भाकरी खातो. पण याला मी उपाय म्हणत नाही. त्याच्या वस्तीतली अंगणवाडी त्याची आई कामावर निघते त्या वेळी उघडी असणे, हा उपाय.

शेवटी एक घरगुती सूचना. आपल्या तालुका बैठकीत चहाबरोबर बिस्किटांचे पुडे फुटतात, आणि शिबिरात ठराव मांडले जात असताना स्वयंपाकघरात कार्यकर्त्यांच्या बायका पोळ्या लाटीत असतात. पुढच्या शिबिरात पुड्यांच्या जागी फुटाणे-गूळ ठेवू, हे सोपे आहे. पण आधी पोळ्यांची पाळी लावू, पुरुषांची नावे फळ्यावर लिहून. पहिले नाव माझे घालावे.