काला आंबच्या वाटेवर

दिल्लीहून सिमल्याकडे निघालेली मराठी कुटुंबाची गाडी नव्वदेक किलोमीटरनंतर हमखास मंदावते. पाटीवर ‘पानिपत’ असते. मागच्या सीटवरून प्रश्न येतो, “हेच का ते?”

हेच ते. पण शहरात रणांगण शोधून सापडत नाही. दिसतात सतरंज्या, ब्लँकेटे आणि लोणच्याच्या बरण्या. काला आंबला जायचे तर गावाबाहेर पडावे लागते. तिथे आहे एक स्मारकस्तंभ. रक्ताने भिजलेल्या मातीत इथले आंब्याचे झाड काळे पडले, अशी आख्यायिका. झाड कधीच गेले, नाव उरले.

१४ जानेवारी १७६१. कोंडीत अडकून उपासमार झालेली मराठी फौज सकाळीच बाहेर पडली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आधी अब्दालीच्या फौजेला मागे रेटलेही. दुपारी विश्वासराव गोळी लागून पडले, सदाशिवरावभाऊ गर्दीत शिरले आणि संध्याकाळपर्यंत सारे संपले. तेव्हापासून कोणी “विश्वास ठेवा” म्हटले की मराठी माणूस उत्तरतो, “विश्वास तर पानिपतातच गेला!” पराभवावर कोटी करणारी भाषा विरळाच.

आजोबा स्तंभापुढे गप्प उभे राहतात, आई फोटो काढते. आसपासच्या गावांतला रोड समाज स्वतःला त्याच सैनिकांचा वंशज मानतो, हे ऐकून मुलांचे कुतूहल चाळवते.

एवढ्यात एकीला आठवते की इथे लढाया तीन झाल्या. १५२६ मध्ये पडलेल्या इब्राहिम लोदीची कबर शहरातच आहे. वडील घड्याळ पाहतात. सिमला अजून बराच लांब आहे, तरी गाडी वळते.