जहाजावरचा मुकादम

जत तालुक्याला समुद्र नाही; पुरेसे पाणीही नाही. परंतु मुकादमी कशी चालते, हे समजून घ्यावयाचे तर जतसारख्या दुष्काळी तालुक्याकडेच पाहावे लागते. उचल देऊन ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखरपट्ट्यात नेणारा मुकादम ना कारखान्याचा नोकर, ना मजुरांचा प्रतिनिधी. कारखाना मजुरांचा मालक म्हणवून घेत नाही. झीज मात्र कोयता धरणाऱ्या हातांची होते.

हाच प्रश्न आता खोल समुद्रात उभा राहणार आहे. 1991 च्या धोरणाने परदेशी भागीदारीच्या जहाजांना दार उघडले, तेव्हा मच्छीमारांनी देशव्यापी लढा दिला आणि मुरारी समितीला ते परवाने रद्द करण्याची शिफारस करावी लागली. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियम अधिसूचित केले. त्यांत मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य आहे, हे स्वागतार्हच. पण लहान नौकांनी भर समुद्रात मोठ्या जहाजाला मासळी द्यावी, ही रचनाही त्यांत आहे. अशा जहाजावर निवड, प्रतवारी, गोठवण सुरू झाली की तेथे पर्यवेक्षक येणारच.

मासळी नाशवंत असते. जाळे वर आले की काम थांबत नाही. नासाडी टाळण्याचा भार पर्यवेक्षकावर पडतो आणि तो मजुरांच्या झोपेतून वसूल होतो. उणे 18 अंशांची नोंद ग्राहक तपासतो. मजूर किती तास उभा होता, हे विचारणारा विरळाच. दोष पर्यवेक्षकाच्या स्वभावात नाही, व्यवस्थेत आहे.

भारताने 2015 मध्ये मान्य केलेल्या सागरी श्रम करारातून मासेमारी नौका वगळलेल्या आहेत. मासेमारीतील श्रमाविषयीचा 2007 चा आंतरराष्ट्रीय करार 2017 पासून अमलात आला. तीन दिवसांहून अधिक काळ समुद्रात राहणाऱ्या नौकेवर 24 तासांत किमान 10 आणि आठवड्यात 77 तास विश्रांती, तसेच लेखी करारपत्र, ही त्याची अट आहे. नवे नियम निघाले तेव्हा भारताने त्याला मान्यता दिलेली नव्हती.

सहकाराचा फलक लावल्याने मुकादमी संपत नाही, हा साखरपट्ट्याचा धडा आहे. म्हणून या अटी परवान्यातच घातल्या पाहिजेत, आणि तापमानाच्या वहीशेजारी विश्रांतीची वहीही पर्यवेक्षकाच्या हाती दिली पाहिजे.