एका कागदावर दिव्य, दुसऱ्यावर निराधार

आमच्या वाटुरातल्या एका मामांचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन कागद असतात. एका कागदावर ते दिव्यांग आहेत, दुसऱ्यावर निराधार. माणूस तोच, काठी तीच. देवाचं अंग लाभलेला माणूस निराधार कसा, हे विचारायची सोय कोणत्याच खिडकीवर नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. अपंगांच्या काही संघटनांनी तेव्हाच त्याला विरोध केला. तरी पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. महिन्याचा पगार मात्र मामांना 'संजय गांधी निराधार अनुदान योजने'तूनच मिळतो. त्या नावातला 'निराधार' कुणाला टोचला नाही.

जुने शब्द गोड होते असं मी म्हणत नाही. 'लंगड्या', 'पांगळ्या' म्हणून पोरं मागं लागायची तेव्हा काळीज चिरायचं. पण आमच्याच गावात म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, "लंगडे मामा आले, बसाया टाका." त्यात कुठं अपमान होता? मराठीत मान नामात नसतो, क्रियापदात असतो. 'आला' आणि 'आले' यांच्यात माणसाची सगळी किंमत येते. परवा फाट्यावर गाडीत चढताना मामांना मागून कुणीतरी ओरडलं, "ए दिव्यांग, सरक की पुढं!" शब्द सरकारी, जीभ जुनीच. आणखी दहा वर्षांनी हीच शिवी होईल, मग तिसरा शब्द शोधायचा का?

२०१६ च्या कायद्यानं चांगलं काम केलं, हे मान्य. आधी अपंगत्वाचे सात प्रकार धरायचे, आता एकवीस धरतात. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के या लोकांसाठी खर्चायचे असतात. पण हे कायद्याचं बळ आहे, 'दिव्य' शब्दाचं नाही. उलट त्या शब्दानं आपल्यालाच सुटल्यासारखं वाटतं. देवानंच दिलं म्हटल्यावर आपण काय द्यायचं राहिलं?

एका कचेरीच्या दारात नऊ पायऱ्या होत्या, कठडा नव्हता. वर भिंतीवर नव्या रंगात 'दिव्यांग कक्ष' लिहिलेलं. मामा पहिल्या पायरीवर टेकले आणि म्हणाले, "बाबू, दिव्य तर देव असतो. देवाला पायऱ्या चढाया लागत्यात का?"

तेव्हा शहरातल्या शहाण्यांनी आणि गावातल्या पुढाऱ्यांनी शब्दांवर रंग देणं आता थांबवावं. मामांना काय म्हणायचं ते मामांना विचारा. आणि येत्या ग्रामसभेत, गाव कोणतंही असो, उभं राहून एवढंच विचारा : ते पाच टक्के कुठं खर्च झाले, आणि रॅम्प कधी होणार?